आगगाडीत फोटो काढावा का?



मागच्या बैठकीत एका बाईंनी विचारले होते, "आगगाडीत फोटो काढला तर पोलीस धरतात काय हो?" आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

बाईंनी हे उगीच विचारले नाही. आपल्या वर्गातल्या मंडळींना घेऊन आम्ही मुंबईला गेलो होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत पाहून सारे थक्क झाले. जगाच्या वारशात २००४ साली गणली गेलेली ती इमारत! सगळ्यांनी मोबाइल काढले. भराभर फोटो घेतले. कुणी अडवले नाही.

संध्याकाळी दुसऱ्या एका स्थानकात आमच्या एका आजीबाईंनी नातवासाठी गाडीचा फोटो घेतला. तोच एक शिपाई धावत आला. "फोटो पुसा, नाहीतर मोबाइल जमा करा!" आजी लटलट कापू लागल्या. घाईघाईत हाती लागले ते सगळे त्यांनी पुसले. त्यात त्यांच्या वारलेल्या मालकांचा एकुलता एक फोटोही गेला. आम्ही शेजारीच उभे होतो. पण नियम आम्हांलाही माहीत नव्हता. म्हणून गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

परत आल्यावर आम्ही माहिती काढली. ती अशी.

आपल्या घरासाठी, आठवण म्हणून साधा फोटो काढायला रेल्वेच्या स्थानकात एरवी मनाई नसते. सिनेमासाठी किंवा धंद्यासाठी चित्रण करायचे, तर रेल्वेची आधी परवानगी घ्यावी लागते. पैसेही भरावे लागतात. पनवेलजवळच्या आपटा स्थानकात कितीतरी सिनेमांचे चित्रण झाले, ते असेच परवानगीने. काही जागा मात्र सरकारने बंदीच्या ठरवलेल्या असतात. त्यासाठी १९२३ सालचा सरकारी गुपितांचा कायदा आहे. म्हणून फोटो काढण्याआधी आजूबाजूला पाटी आहे का ते पाहा. आता आपल्याला पाटी वाचता येते!

मेट्रोची गोष्ट वेगळी. तिचा कायदा वेगळा, तो २००२ सालचा. तिथे जास्त कडक असतात. डब्यात नाचगाणी करून रील काढणाऱ्यांचा फार उपद्रव झाला, तेव्हा दिल्ली मेट्रोने २०२३ साली प्रवाशांना तसे करू नका म्हणून बजावले. मेट्रोत शिरताना रखवालदाराला सरळ विचारावे, "दादा, फोटो चालेल का?" विचारण्यात कमीपणा नाही.

समजा, कुणी अडवलेच. मग हुज्जत घालू नका. मोबाइल खिशात ठेवा. शांतपणे विचारा, "साहेब, कोणत्या नियमाने?" पोलिसाने मोबाइल घेतलाच, तर घेतल्याचा कागद मागा. कागद मागणे हा आपला हक्क आहे. आणि भिऊन काही पुसू नका. कायद्याचे भय दाखवले, की तो कायदा तिथे लागू असतोच असे नाही. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात चित्रण केले म्हणून याच गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली तो रद्द केला. पोलीस ठाणे ही त्या कायद्यातली बंदीची जागा नव्हे, असे न्यायालय म्हणाले.

आता बायाबापड्यांच्या कामाची गोष्ट. गाडीत कुणी तुमच्याकडे मोबाइल रोखून धरला तर काय करायचे? नुसता चेहरा टिपला की लगेच गुन्हा होतो, असे नाही. पण न्हाणीघरात, संडासात, कपडे बदलताना चोरून चित्र घेणे हा मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ७७व्या कलमाप्रमाणे त्याला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षांची कैद आहे. गाडीत त्रास झाला तर १३९ हा आकडा फिरवावा. इतरत्र ११२. मोठ्याने ओरडावे, हे तर आहेच!

पोरांना मात्र एक गोष्ट दटावून सांगा. उभ्या मालगाडीवर चढून फोटो काढायचा नाही. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट वीज असते. घरात आपण वापरतो ती २३० व्होल्ट. त्या तारेला हात लागावाच लागतो, असे नाही. नुसते जवळ गेले, तरी वीज हवेतून उडी मारून माणसाला धरते. गाडी उभी असली, तरी तार जिवंतच असते. पोराला वाटते, गाडी तर हलत नाही, मग भ्यायचे कशाला? अशी कित्येक पोरे जळून गेली आहेत.

जाता जाता आजींच्या फोटोचे सांगतो. पुष्कळ मोबाइलांत पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. तो काही दिवस आतल्या कचरापेटीत पडून राहतो. तिथून परत काढता येतो. आम्हांला हे कळले दोन महिन्यांनी. तोवर आजींची पेटी रिकामी झाली होती.

येत्या गुरुवारी ज्यांना ती पेटी उघडायला शिकायचे आहे, त्यांनी आपापला मोबाइल घेऊन यावे. आजीही येणार आहेत.