मेमरीचा सातबारा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू पुण्यात नेमकं करतोस काय?’ असं सकाळपासून आठ-दहा जणांनी विचारलं. सगळ्यांना एकदाच सांगतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात मेमरी सांभाळणाऱ्या भागात इतरांनी सुचवलेले बदल मी तपासतो. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही हाच कर्नल आहे.

आपण बुलढाणा जिल्ह्यातली माणसं, सातबाऱ्यावरून लवकर कळेल. मेमरी म्हणजे गावचं शिवार. तिचे बहुधा ४०९६ बाइटचे तुकडे असतात. त्यांना ‘पेज’ म्हणतात. कोणता तुकडा कोणाच्या नावावर, ही नोंद कर्नल ठेवतो. सोडलेलं वावर दुसऱ्याच्या नावे झालं आणि पहिला तरीही त्यातच पेरत राहिला, तर काय होतं हे इथे कुणाला सांगायला नको.

फेरफार तलाठी नोंदवतो, हरकतीला मुदत असते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. कर्नलमध्येही लिहिणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. मी मधला, हरकत घेणारा. माझे प्रश्न तीनच : घेतलेली जागा परत केली का? परत केल्यावर तिला पुन्हा हात लावला का? आणि दोन कामं एकाच क्षणी त्याच जागेवर आली तर?

तिसरा प्रश्न किती महाग पडतो, ते २०१६ साली ‘डर्टी काऊ’ने दाखवलं. दोघं एकच पुस्तक वाचत असतील तर दुसरी प्रत कशाला? ज्याला लिहायचंय, त्यालाच त्या पानाची प्रत द्यायची. पण प्रत दिल्यावर, लिहिण्याआधीच्या निमिषात ती टाकून दिली, तर लिखाण थेट मूळ पानावर पडायचं. या फटीतून साधा वापरकर्ता अख्ख्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ती बुजवायचा प्रयत्न केला होता. वेगळ्या जातीच्या संगणकावर अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला. अकरा वर्षांनी दुरुस्ती करताना त्यांनी हे सगळं नोंदीत स्वच्छ लिहून ठेवलं.

बदल पाठवणारा कधी माझ्याहून वीस वर्षांनी अनुभवी असतो. तरी ‘हे मला समजलं नाही, पायरी सांगा’ असं लिहावंच लागतं. भिडेखातर गप्प राहून ‘तपासले’ म्हणून नाव लावलं, तर ते नाव त्या बदलाखाली कायमचं राहतं.

बाई, उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसल्या की तुम्ही गुण कापायच्या. तेव्हा राग यायचा. आज त्याच सवयीवर माझं पोट चालतं.

आणि मित्रहो, एक विनंती. फोनवर अपडेट आलं की ‘नंतर’वर बोट ठेवू नका. कुणीतरी रात्र जागून ती फट बुजवलेली असते.