मेंदूची घडण आयुष्यभर

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शतकमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक. या वास्तूशी माझे नाते मात्र त्याहून जुने आहे. वडिलांचे बोट धरून मी येथे प्रथम आलो. वडील अखेरपर्यंत येथील सभासद होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांची स्मृती ओसरत गेली. एकदा त्यांनी मला विचारले, "वाचलेले टिकत नाही, मग वाचायचे तरी कशाला?" मी तेव्हा वर्गात शिकवीत असे की, मेंदूची घडण लहानपणीच पुरी होते आणि पुढे उरते ती केवळ झीज. तेच मी त्यांनाही सांगितले. त्यांनी हातातले पुस्तक मिटले. माझे उत्तर चुकीचे होते, हे मला फार उशिरा उमगले. आज त्या उत्तराची दुरुस्ती आपल्यासमोर करावी, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या टोकांमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते आणि रासायनिक द्रव्ये ती ओलांडून निरोप पोचवितात. या सांध्याला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ साली 'सिनॅप्स' हे नाव दिले. आपण त्याला चेतासंधी म्हणू. शिकणे आणि स्मरणे यांचा मोठा भाग म्हणजे या संधी बळकट होणे, दुबळ्या होणे, नव्या जुळणे. मग कोणती संधी टिकावी आणि कोणती विरावी, हे ठरते कसे?

या प्रश्नाचा माग काढणारी पहिली मोठी वाट एका शयनगृहातून निघाली. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटलीतील तुरीन शहरच्या तरुण डॉक्टर. त्या ज्यू होत्या. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ साली वांशिक कायदे केले आणि विद्यापीठाची दारे त्यांना बंद झाली. तेव्हा त्यांनी आपल्या झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर त्या शस्त्रक्रिया करीत. तुरीनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा हे सारे बिऱ्हाड त्यांनी खेड्यात हलविले. भ्रूणाच्या पायाचा अंकुर काढून टाकला, तर त्या पायाकडे निघालेल्या चेतापेशी मरून जातात, हे त्यांना दिसले. त्या पेशी मुळात निर्माणच होत नाहीत, असे तोवरचे मत होते. लेव्ही-मोंताल्चिनींचे म्हणणे असे की, त्या निर्माण होतात, वाढू लागतात. परंतु जेथे पोचायचे तेथून काही पोषण न मिळाल्याने नष्ट होतात.

युद्धानंतर, १९४७ साली, व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेतील सेंट लुई येथे गेल्या. पुढे १९५२ साली रिओ दी जानेरो येथील प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांतील अर्बुदाचा तुकडा चेतापेशींच्या गुच्छाजवळ ठेवला. त्या गुच्छाभोवती सूर्यबिंबाच्या किरणांसारखे तंतू फुटले. अर्बुदातून काही द्रव्य पाझरत होते, हे सिद्ध झाले. स्टॅन्ले कोएन या रसायनशास्त्रज्ञाच्या सहकार्याने ते द्रव्य वेगळे करण्यात आले. ते एक प्रथिन होते. चेतापेशींचा हा वृद्धिघटक 'एनजीएफ' या नावाने ओळखला जातो. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

तथापि एनजीएफचा प्रभाव मुख्यतः मेंदूबाहेरील चेतापेशींवर दिसत होता. खुद्द मेंदूचे काय? १९८२ साली जर्मनीत ईव्ह बार्द, हान्स थ्योनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून दुसरा एक वृद्धिघटक अत्यल्प प्रमाणात शुद्ध केला. तो म्हणजे 'बीडीएनएफ'. पेशी जगविणे एवढेच याचे काम असावे, असे प्रथम वाटले. पण हकिगत याहून मनोरम निघाली.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७३ साली ब्लिस आणि लोमो या दोघा शास्त्रज्ञांनी सशाच्या हिप्पोकॅम्पस या भागातील चेतामार्गाला काही क्षण वेगाने विद्युत्-उद्दीपने दिली. त्यानंतर त्या मार्गावरील संधी कित्येक तास अधिक जोमाने प्रतिसाद देत राहिल्या. हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी घडविणारा भाग. स्मृती साठते कशी, याचा हा एक पेशीय नमुनाच होता. पुढे १९९५ साली बीडीएनएफचे जनुक निकामी केलेल्या उंदरांत ही बळकटी नीट येत नाही, असे आढळले. त्यांच्या मेंदूच्या कापांना बीडीएनएफ पुरविताच ती क्षमता परतली, हे १९९६ साली दाखविण्यात आले.

म्हणजे मुद्दा असा : जी संधी वापरात असते, तेथे हा घटक स्रवतो, तेथील ग्राहक-प्रथिनाला तो जाऊन मिळतो, आणि ती संधी रुंदावते, दृढ होते. याच घटकाचे अपक्व रूप मात्र वेगळ्या ग्राहकाला मिळून संधी दुबळी करू शकते. बळ देणे आणि छाटणे ही दोन्ही कामे एकाच कुळातील द्रव्ये करतात. हा व्यवहार बालपणी थांबत नाही. प्रौढ मेंदूतही तो चालू असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे ऐकून कोणी वृद्धिघटकाची गोळी शोधू लागेल, तर त्याची निराशा होईल. बीडीएनएफ रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. अल्झायमरच्या मोजक्या रुग्णांच्या मेंदूत एनजीएफ सोडून पाहिले, तेव्हा वेदना आणि वजनघट पुढे आली. यश आले ते डोळ्यांत : चेता दुखावल्याने होणाऱ्या पारपटलाच्या एका विकारावर एनजीएफचे थेंब २०१७ साली युरोपात मान्य झाले. अमेरिकेत १२० वृद्धांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभर नेमाने चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्के वाढले, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचे घटले. एका अभ्यासावरून शेवटचा निर्णय होत नाही. तरी दिशा मात्र दिसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माझ्या वडिलांना झाला तो आजार होता. ते वाचत राहिले असते तर तो टळला असता, असे मी म्हणणार नाही. विस्मरणाने ग्रासलेल्या माणसाच्या माथी आळसाचा दोष मारणे हा अन्याय होय. मला खंत वाटते ती निराळी. त्यांच्या मेंदूत त्या दिवशीही, उरल्यासुरल्या संधींमध्ये, हा व्यवहार चालू होता. संध्याकाळपर्यंत गोष्ट विसरली असती, तरी वाचनाचा तो तास त्यांचा होता. तो मी माझ्या अर्ध्या ज्ञानाने हिरावून घेतला.

लेव्ही-मोंताल्चिनी १०३ वर्षे जगल्या आणि नव्वदी उलटल्यावरही काम करीत राहिल्या. तेवढे आयुष्य सर्वांनाच लाभत नाही. पण उद्या आपल्या घरातील कोणी वृद्ध माणसाने माझ्या वडिलांचा तो प्रश्न विचारला, तर त्याला सांगा की मेंदूची घडण अजून संपलेली नाही; आणि पुस्तक उघडून त्याच्या शेजारी बसा. हे काम आपले ग्रंथालय शंभर वर्षे करीत आले आहे. त्याला माझी कृतज्ञ वंदना.