चौलचं काय झालं?



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे: कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल बोलते. चौल.

चौल तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अलिबागहून मुरुडला जाताना नागाव लागतं, मग चौल, मग रेवदंडा, आणि पूल ओलांडला की कोर्लई. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. आपण शहाळं प्यायला थांबतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. त्या वाड्यांमध्ये आणि वाड्यांखाली एक मोठं शहर आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथलं हे बंदर. जहाजांना आडोसा देणारी खाडी आणि मागे घाटावर जाणाऱ्या वाटा, म्हणून इथे वस्ती झाली. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले ग्रीक लेखक याला सेमिल्ला, सिमिल्ला म्हणतात. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातल्या वस्तीचे पुरावे मिळाले. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल मसुदी नावाचा अरब प्रवासी इथे आला. तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. या गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले होते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला. त्याचं स्मारक आज रेवदंड्यात आहे.

मग पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी आरमारी लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. पुढे १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने त्या किल्ल्याला वेढा घातला, तरी तो पडला नाही. १७४० मध्ये, वसईच्या विजयानंतर, तहाने चौल मराठ्यांकडे आलं.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. एवढे हल्ले पचवलेली व्यवस्था बंद कशी पडली?

चौलवर तोफा डागल्या गेल्या, जाळपोळ झाली, मालक बदलले. प्रत्येक वेळी बाजार पुन्हा भरला, कारण जहाजं येत होती. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. मुंबईचं बंदर खोल होतं आणि कंपनीला कारागीर हवे होते. रेशमी कापडासाठी चौल प्रसिद्ध होतं. तिथले विणकर मुंबईला जाऊ लागले. विणकर गेले तसे व्यापारी गेले, व्यापारी गेले तशी जहाजं गेली. शत्रूला जे जमलं नाही, ते पन्नास-साठ किलोमीटरवरच्या एका नव्या बंदराने केलं. कुणी कुणाला हाकललं नाही. पोट जिकडे, तिकडे माणसं गेली.

आज रेवदंड्याच्या तटबंदीच्या आत वाड्या आहेत. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पण वर छप्पर नाही. मनोऱ्याला लोक 'सातखणी' म्हणतात, पण आता सात खण उरलेले नाहीत. पलीकडे कोर्लईत मात्र हजारेक माणसं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. ती तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शहर गेलं, पण चुलीपाशी बोललेले शब्द राहिले.

हे सगळं पनवेलकरांना का सांगतेय? कारण आपलंही बंदर होतं. मुंबईहून माणसं आणि माल गलबतांतून पनवेलच्या खाडीत यायचा आणि इथून बोरघाटाने पुण्याकडे जायचा. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता झाला, तशी इथली वर्दळ वाढली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली, देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. मग १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, ती कल्याण-कर्जतवरून. आपल्याला वळसा घालून. आपलं चौल तेव्हाच व्हायचं, पण रस्ता राहिला म्हणून आपण तरलो. पुढे पुण्याचा आणि गोव्याचा हमरस्ता, एक्सप्रेसवे, लोकल, आणि आता विमानतळ. पनवेल आज फुगतंय, ओस पडत नाहीये. तरी या शेवटच्या वाटेची किंमत मोजणारी गावं आपल्या डोळ्यांसमोरच गेली. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, उलवे. विमानतळासाठी दहा गावठाणं उठली, टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. जिथे आज धावपट्टी आहे, त्या बाजूने आपल्यातली काही मुलं शाळेत यायची.

चौलचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचते. सांगणारे बहुतेक सगळे पाहुणे आहेत: ग्रीक, अरब, रशियन, पोर्तुगीज. गाव सोडताना त्या विणकराने मागे वळून काय पाहिलं, त्याच्या बायकोने विहिरीवर कुणाचा निरोप घेतला, हे कुठेच नाही. अपवाद कान्हेरीच्या लेण्यांतला. तिथे चेमुलच्या एका माणसाने पाण्याची पोढी दान दिली आणि तसा लेख कोरून घेतला. चेमुल म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अमक्या गावचा अमका, त्याने हे दिलं. एवढाच मजकूर, पण तो अठराशे वर्षांहून जास्त टिकला.

म्हणून एक विनंती. पुढच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एक पान लिहावं. कविता नको, आठवणींचा गहिवर नको. तपशील हवा. तुमच्या आळीत विहीर कुठे होती, खाडीवर कोणत्या भरतीला होड्या लागत, मिठागरात कोण कामाला जाई, मासळी विकायला येणाऱ्या आजी कुठल्या गावच्या होत्या. कोल्ही-कोपरच्या मित्रांनी तर घरांचा नकाशा काढावा: देऊळ कुठे, पिंपळ कुठे, कुणाचं घर कुणाच्या शेजारी. आईवडील आहेत तोवर त्यांना विचारा. टाईप करता येत नसेल तर फोनवर बोलून मला पाठवा, उतरवून घ्यायचं काम माझं. शुद्धलेखन बाई तपासतील, त्यांनी आत्ताच मान डोलावली आहे.