रिकामी आठ मिनिटं

आजचं व्याख्यान एका माणसाच्या संशोधनाबद्दल आहे, पण सुरुवात टेबलावरच्या खेळण्यापासून करायला हवी. ‘सोमा’ हे सात तुकड्यांचं कोडं. तुकडे जुळवून कागदावरच्या आकृतीसारखी रचना करायची. हात लावला की सहसा खाली ठेववत नाही.

१९६९ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या एडवर्ड डेसी यांनी हे कोडं २४ विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. खरा प्रयोग मात्र मधल्या सुट्टीत होता. काहीतरी निमित्त सांगून डेसी आठ मिनिटं बाहेर जायचे आणि एकतर्फी काचेतून पाहत राहायचे. टेबलावर मासिकंही असायची. आता सांगणारं कुणी नाही. मुलगा मासिक उचलतो, की पुन्हा तुकड्यांकडे वळतो?

पहिल्या दिवशी पैशांचा विषयच नव्हता. दुसऱ्या दिवशी निम्म्यांना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे १ डॉलर मिळाला. तिसऱ्या दिवशी पैसे बंद झाले, आणि ज्यांनी ते घेतले होते त्यांचा त्या आठ मिनिटांतला रस पहिल्या दिवसापेक्षा ओसरला. ज्यांना दमडीही मिळाली नव्हती, त्यांची ओढ टिकून राहिली. फरक ठसठशीत नव्हता, विद्यार्थीही मोजकेच. पण मनापासून दिलेल्या शाबासकीने असं होत नव्हतं, हेही डेसींच्या पुढच्या प्रयोगात दिसलं.

१९७१ साली हे छापून आलं आणि वाद पेटला. बक्षिसाने वागणूक वाढते, ही वर्तनवाद्यांची धारणा होती. वाद पुढे तीन दशकं चालला. १९९९ मध्ये डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला.

हे रायन डेसींना भेटले रॉचेस्टर विद्यापीठात. दोघांनी १९८५ मध्ये आपला सिद्धान्त ग्रंथरूपात मांडला. मनाला तीन गोष्टी लागतात असं त्यांचं म्हणणं: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. यातली कुठलीही मारली गेली की मन आजारी पडू लागतं.

स्वायत्तता म्हणजे एकट्याने, कुणाचं न ऐकता जगणं, असा सोयीचा गैरसमज होतो. आईवडिलांचं मनापासून पटलं म्हणून ऐकणारा मुलगाही स्वायत्तच; धाकाने ऐकणारा नव्हे. २००३ मध्ये व्हॅलेरी चिर्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिकेतले विद्यार्थी तपासले. चालीरीती वेगळ्या असूनही चारही ठिकाणी एक गोष्ट जुळली: आपण जे पाळतो ते आपलं वाटणाऱ्यांचं मन अधिक स्वस्थ होतं.

रॉचेस्टरचेच डॉक्टर जेफ्री विल्यम्स यांनी हा विचार दवाखान्यात नेला. १९९६ च्या अभ्यासात अतिस्थूल रुग्ण वजन कमी करायला आले होते. कुणी घरच्यांच्या आग्रहाने, कुणी स्वतःला हवं म्हणून. दुसऱ्या तऱ्हेचे रुग्ण बैठकांना अधिक नेमाने आले. २३ महिन्यांनी पुन्हा काट्यावर उभे राहिले, तेव्हा कमी केलेलं वजन तेच अधिक टिकवून होते.