कोरड्या पाटाकाठी

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवातील प्रवचन)



ज्युबिलीच्या दिवशी परमेश्वराच्या उपकारांचे स्मरण करावे, वडीलधाऱ्यांच्या श्रमांचे गुणगान करावे आणि पुढील वाटचालीस आशीर्वाद मागावा, अशी आपली रीत आहे. आजच्या पवित्र मिस्सामध्ये आपण ते सर्व केले. मंदिर माणसांनी भरले आहे आणि मुलाबाळांच्या अंगावर नवी वस्त्रे आहेत. अशाच दिवशी मला आपणांशी रिकाम्या दिवसांविषयी बोलावयाचे आहे. ज्या दिवशी मन खचते, विश्वासाविषयी शंका उद्भवते आणि मोह दाराशी येऊन उभा राहतो, त्या दिवसांविषयी. असे दिवस आपणांपैकी कोणास चुकले नाहीत व पुढेही चुकणार नाहीत. परंतु त्यांची तरतूद सणाच्या दिवशीच करून ठेवावी लागते. ती का, हे आपल्या ह्या मुलखाकडे पाहिले म्हणजे सहज ध्यानात येईल.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले, मुळचे अवर्षणाचे. सुपे-मोरगावकडील जिरायत भागात आजही शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडेच असते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी ह्या बाजूस वाहू लागले. ते पाणी येते कोठून? भोरच्या डोंगरांत आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो, तो येळवंडी नदीवर भाटघरच्या धरणात अडविला जातो. आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा इकडे आभाळ तांब्याच्या पत्र्यासारखे तापलेले असते, तेव्हा तेच पाणी वीरजवळून कालव्यात शिरून मैलोन्‌मैल चालत आपल्या उसापर्यंत येते. शेतावर एकही ढग नसतो, तरी वाफ्यात पाणी असते. कारण ते दूर कोठेतरी पूर्वीच पडलेले आणि राखून ठेवलेले असते.

विश्वासाचे कार्य ह्याच रीतीने चालते. विश्वास म्हणजे मनात सदैव भक्तीचा पाऊस पडत राहणे, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि पाऊस थांबला की ते म्हणतात, माझा विश्वास गेला. वस्तुतः विश्वासाची खरी गरज पाऊस थांबल्यावरच असते. उजेडाच्या दिवसांत परमेश्वराने जे दाखविले, जे देऊ केले आणि आपण त्याला जे वचन दिले, ते अंधाराच्या दिवसांत धरून राहणे, ह्याला मी विश्वास म्हणतो.

प्रथम निराशेचा विचार करू. संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी आध्यात्मिक साधनेच्या आपल्या ग्रंथात ह्याविषयी एक नियम घालून दिला आहे. १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी त्या ग्रंथास मान्यता दिली. नियमाचा आशय असा की, मन उदास व कोरडे झाले असता पूर्वी शांत चित्ताने केलेला निश्चय कधीही बदलू नये. उलट अशा वेळी प्रार्थना थोडी अधिकच करावी. हा नियम किती व्यवहारी आहे पाहा. कालव्याच्या शेवटच्या टोकाशी, ज्याला आपण टेल म्हणतो तेथे, इंदापूरकडील शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसतो. पाणी लांबते, पीक माना टाकते. पण म्हणून तो आपली चारी बुजवून टाकतो काय? तो फावडे घेऊन चारीतला गाळ काढतो, गवत उपटतो, बांध नीट करतो. कारण पाणी मध्यरात्री आले आणि चारी तुंबलेली असली, तर आलेले पाणीही त्याच्या वाफ्यात शिरणार नाही. निराशेच्या दिवसांतील रोजची साधी प्रार्थना, रविवारचा मिस्सा, संध्याकाळची जपमाळ ही अशी चारी साफ ठेवण्याची कामे आहेत. त्यांत गोडी वाटत नाही ही गोष्ट खरी. पण गाळ काढण्यात गोडी कोणाला वाटली आहे?

एलिया संदेष्ट्याची कथा आपणांस ठाऊक आहे. रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. परमेश्वराने त्याला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. त्याने दूत पाठविला. दूताने त्याला भाकरी आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले. आणि मग चाळीस दिवसांच्या वाटेला लावले. ह्यावरून आपण एक गोष्ट शिकावी. खचलेल्या मनाला कधी कधी आधी अन्न, विश्रांती आणि औषध लागते. ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याने वैद्याकडे जाण्यात विश्वासाची कमतरता मुळीच नाही. सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो घरात लिहून ठेवा. एलियाला भाकरी आणून देणारा दूत आपल्याकडे कोणत्या वेषात येईल, हे आपण ठरवू नये.

आता एका महाराष्ट्रीय संताकडे पाहू. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि त्यांच्याबरोबरच तरुण वयात ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, काही वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून लोकांच्या मोठ्या उपयोगी पडले. आपणांस त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती सफल झाली नाही. उमेदीची वर्षे ज्या दारापाशी घालविली, ते दार उघडले नाही. मग ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा जमही बसला. मनुष्याच्या दृष्टीने येथे कथा संपावयास हरकत नव्हती. परंतु त्यांनी पैशाला आपले समाधान होऊ दिले नाही. मनिला येथे ते संत फ्रान्सिसच्या संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्याबरोबर जपानला जावयाचे ठरले, तेव्हा दुभाषा कोण होणार? ज्या वर्षांना जगाने फुकट गेलेली वर्षे म्हटले असते, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता कामास आली. धरणात साठलेले पाणी पाटाला लागले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले; आणि १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले. वसईचा हा पुत्र भारतभूमीत जन्मलेला पहिला संत होय.

आपल्या पुणे धर्मप्रांतातही असा एक दाखला आहे. बिशप हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय. ‘निरोप्या’ हे मासिक त्यांनी १९०३ साली सुरू केले आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. पहिले महायुद्ध पेटले आणि ते जर्मन असल्यामुळे त्यांना आपल्या कळपाकडे परतता येईना. १९२१ साली त्यांना जपानातील हिरोशिमा येथे नेमण्यात आले. म्हणजे साठी उलटल्यावर नवा देश, नवी माणसे. तेथेही त्यांनी काम केले, आणि १९२७ साली ते पुण्यास परत आले व १९४८ पर्यंत ह्या धर्मप्रांताची धुरा त्यांनी वाहिली. एवढ्या वर्षांत मराठी मुलखाची वाट कायमची बंद झाली, असे समजण्यास त्यांना पुरेसे कारण होते. तरी समोर आलेले काम त्यांनी टाकले नाही, आणि वाट मोकळी झाली तेव्हा वृद्धापकाळाची सबब पुढे केली नाही.

दुसरी गोष्ट शंकेची. शंका येणे आणि विश्वास सोडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. संत थोमा पुनरुत्थानाच्या संध्याकाळी इतर प्रेषितांत नव्हता. आणि त्यांनी सांगितलेले त्याला पटले नाही. पण शुभवर्तमान वाचताना एक बारीक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला, तेव्हा थोमा त्याच घरात, त्याच माणसांत बसलेला होता. त्याला पटलेले नव्हते, तरी तो उठून गेला नव्हता. आणि इतरांनीही त्याला बाहेर काढले नव्हते. म्हणूनच त्याच्या शंकेचे उत्तर त्याला मिळाले. आपल्या घरातील शिकलेला मुलगा प्रश्न विचारू लागला, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. आपल्यात बसू द्या. आणि ज्याला शंका आहे त्याला माझे सांगणे असे की, प्रश्न अवश्य घेऊन या, पण येणे बंद करू नका.

कोलकात्याच्या संत तेरेसा १९९७ साली निवर्तल्या आणि २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली. तेव्हा जगाला कळले की, सुमारे पन्नास वर्षे त्यांच्या अंतःकरणात परमेश्वराच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नव्हतीच. मरणोन्मुख माणसाला उचलणारे ते हात आत इतका अंधार असतानाही थांबले नाहीत. २०१६ साली चर्चने त्यांना संत घोषित केले. आपल्या शेजारच्या वारकरी बांधवांचे उदाहरण तर दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोरून जाते. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर, सराटी अशी चालत नीरा ओलांडते. प्रत्येक पावलाला आनंद होतो म्हणून कोणी चालत नाही. पाय सुजतात, पाऊस दडी मारतो, तरी दिंडी चालते, कारण निघताना कोठे जावयाचे ते ठरलेले असते. आपला धर्म निराळा असला, तरी हे सातत्य आपण आदराने शिकावे.

तिसरी गोष्ट मोहाची. प्रभू येशूला सैतान भेटला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर. आणि पहिली गोष्ट त्याने काढली ती भाकरीची. मोह नेहमी असा आपल्या भुकेचा पत्ता विचारीत येतो. उसाचे बिल लांबले, कारखान्यातली नोकरी गेली, मुलीचे लग्न अंगावर आले की मग बाटली दिसते, मोबाइलवरचा जुगार दिसतो, सावकाराचा सोपा पैसा दिसतो. संत इग्नेशियस सांगतात, शत्रूला सर्वांत प्रिय असते ती गुप्तता. त्याचे कपट कोणा जाणत्यापाशी उघड केले की त्याचा डाव फसतो. पाटाच्या भरावात खेकडा बीळ पाडतो, ते बोटाएवढे असते. दिवसाढवळ्या दिसले तर मूठभर मातीने बुजते. कोणाला न सांगता तसेच ठेवले तर एके रात्री सारा भराव फोडून नेते. पापनिवेदन म्हणजे ते बीळ उजेडात दाखविणे होय. पहिल्या प्यालानंतर सांगा, पहिल्या हरलेल्या शंभर रुपयांनंतर सांगा; घर गहाण पडेपर्यंत थांबू नका. आपल्या पत्नीला, पतीला, विश्वासू मित्राला, धर्मगुरूला, कोणाला तरी सांगा. आणि ज्याला सांगितले जाईल त्याने ते पोटात ठेवावे, चावडीवर नेऊ नये. नाही तर पुढच्या वेळी तो मनुष्य बीळ लपवूनच ठेवील.

बंधुभगिनींनो, प्रारंभी मी म्हणालो की रिकाम्या दिवसांची तरतूद सणाच्या दिवशी करावी. ती कशी करावी? इस्राएल लोक यार्देन नदी कोरड्या पायांनी ओलांडून आले, तेव्हा यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिल्गाल येथे उभे करविले. हेतू हा की, पुढे मुलांनी ह्या धोंड्यांचा अर्थ विचारावा आणि वडिलांनी सांगावा. आपली ही स्मरणिका तसाच एक धोंडा आहे. ती घरी नेल्यावर कपाटात ठेवू नका. तिच्या एखाद्या कोऱ्या पानावर आपल्या हाताने लिहा: परमेश्वराने ह्या घराला केव्हा सांभाळले, कोणत्या आजारातून उठविले, कोणत्या दुष्काळात कोणाच्या हातून धान्य पाठविले, आपला मोडलेला संसार कोणत्या साली पुन्हा उभा केला. साल घाला, महिना घाला. त्या वेळी मदतीस धावलेल्या शेजाऱ्याचे नाव घाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो. हे तुमच्या घरचे भाटघर. मग एखाद्या वैशाखात जेव्हा प्रार्थनेचे शब्द ओठांवर येणार नाहीत, तेव्हा ते पान उघडा आणि घरातल्या लहानांस मोठ्याने वाचून दाखवा.

सर्व आशेचा दाता परमेश्वर खचलेल्यांस धीर देवो, शंकेत असलेल्यांस आपल्या घरात बसवून ठेवो, मोहात सापडलेल्यांस तोंड उघडण्याचे धैर्य देवो. आणि पवित्र मरिया माता व संत गोन्सालो गार्सिया आपणां सर्वांसाठी विनंती करोत. आमेन.