मायबोलीची मधली पायरी



कोऱ्हाळ्यासारख्या ऊसवाल्यांच्या गावात यिडिश भाषेवर व्याख्यान म्हटल्यावर पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरगुती बोली. अंग जर्मन वळणाचे, त्यात हिब्रू व स्लाव शब्द मिसळलेले, आणि लिपी हिब्रू. बोलणारे तिला 'मामे-लोशन' म्हणतात. म्हणजे आईची बोली, आपली मायबोलीच! दुसऱ्या महायुद्धात नाझींनी साठ लाख ज्यू मारले. त्यांत बहुसंख्य हीच बोली बोलणारे होते. तरी भाषा मेली नाही. १९७८ साली तिच्यातले लेखक आयझॅक बाशेविस सिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही भाषा शिकणाऱ्याची खरी परीक्षा मुळाक्षरांत नसते, ती मधल्या पायरीवर असते. 'ब्रोइट' म्हणजे पाव. हा शब्द स्वरांसकट लिहितात, नवखाही तो वाचतो. पण 'शबेस', म्हणजे शनिवारचा विसावा, हा हिब्रूतून आलेला शब्द नुसत्या तीन व्यंजनांत लिहितात. ज्याला तो दिवस ठाऊक, त्यालाच तो वाचता येतो. अक्षर कळले तरी घर कळल्याखेरीज पुढे वाट नाही.

आता आपल्या घरी येऊ. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे पाहा: पेणकर, दिवेकर, किहीमकर. १८७४ साली पुण्यात त्यांची वल्हांडणाची पोथी मराठीसह छापली गेली आणि १८८०च्या सुमारास ते बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने करू लागले. त्यांच्या मोठ्या उपवासाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत. कोशात दार सापडेल. पण त्या दिवशी दार लावून माणसे आत का बसत, हे कोश कसे सांगणार? ते सांगायला आजीच हवी.

पुढे त्यांतले बहुतेक इस्राएलात गेले. तिथे त्यांनी मराठी नियतकालिक काढले, त्याचे नावही 'मायबोली'. पण शाळा हिब्रूत आणि बाजारही हिब्रूत. नातवंडांना आजीचे मराठी कळते, बोलता येत नाही. ती मुले मधल्या पायरीवरच उभी आहेत.

आपण त्यांच्यावर हळहळण्याआधी स्वतःच्या माळ्यावर नजर टाकू. आमच्या घरी मोडीतल्या कागदांची एक पिशवी आहे. मी हौसेने पंधरा दिवसांत मोडीची अक्षरे शिकलो आणि कागद उघडला, तो गाडी अडली. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले. शेवटी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ बोलावले. ते अक्षरे लावीत बसले नाहीत. "हा पाट, ही मोटेची पाळी, हे बलुते," असे म्हणत त्यांनी कागद सरसर वाचला. त्यांनी मोट हाकली होती. मी नुसती चित्रात पाहिली होती. ते गृहस्थ आज नाहीत. पिशवीतले निम्मे कागद अजून तसेच आहेत.

म्हणून या वसंतात माझी एवढीच विनंती. मुलांना अक्षरे शाळा शिकवील. ते तिचे काम आहे. मधली पायरी मात्र घरानेच चढवायची असते. सुटीत मुलाला आजोबांजवळ बसवा. बैलाच्या साजाची, पेरणीच्या अवजारांची, सणाच्या पदार्थांची नावे विचारू द्या आणि वहीत उतरवू द्या. नावापुढे ती वस्तू कशाची, कोण वापरी, केव्हा वापरी हेही लिहू द्या. यिडिश बोलणारी लाखो माणसे एका दशकात मारली गेली, तरी उरलेल्यांनी जिद्दीने ती बोली मुलांना दिली. आपल्यावर तसा कोणताही घाला आलेला नाही. आपली बोली हरवली, तर ती केवळ आपण विचारले नाही म्हणून हरवेल.