रुंद कोनाचे भिंग निवडताना

फोटोग्राफीचा नाद लागलेल्या माणसाला एके दिवशी असे वाटू लागते, की आपल्या कॅमेऱ्यात सगळे मावत नाही. देवळाच्या सभामंडपात उभे राहावे, तर दोनच खांब येतात. घरात बारसे असावे, तर पाळणा येतो आणि पाळण्याभोवतीच्या बायका अर्ध्यात कापल्या जातात. मागे सरकावे, तर पाठीला भिंत लागते. मग हा गृहस्थ दुकानात जातो आणि म्हणतो, "सगळ्यांत जास्त मावेल अशी लेन्स दाखवा." या वाक्यात मोठी गफलत आहे असे मला आज सांगायचे आहे. सांगण्याचा अधिकार एवढाच, की हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

आधी थोडा हिशेब करू. घाबरू नका, पाचवीच्या मुलाला येईल इतकाच आहे. भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. ते जितके कमी तितका भिंगाचा कोन रुंद. ज्या भिंगाचे हे अंतर बदलता येत नाही त्याला प्राइम लेन्स म्हणतात. बदलता येते ती झूम. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मि.मी. रुंद असतो. तेव्हा समोरची भिंत जितकी दूर, त्या अंतराला ३६ ने गुणा आणि नाभीय अंतराने भागा. भिंतीची किती रुंदी फोटोत येईल ते कळते. भिंत १० फुटांवर असेल, तर ५० च्या भिंगात तिचा ७ फुटांहून थोडा अधिक भाग येतो, २४ च्या भिंगात १५ फूट, २० च्या भिंगात १८ फूट आणि १४ च्या भिंगात जवळजवळ २६ फूट.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. ५० वरून ४६ वर आलात, तर पदरात अर्धा फूटच पडतो. पण १८ वरून १४ वर आलात, तर १० फुटांवरची भिंत २० फुटांवरून सुमारे २६ फुटांवर जाते. चारच मिलिमीटर, पण या टोकाला ते फार महाग असतात. पैशाने तर असतातच, आणखी कशाने ते आता सांगतो.

आमचा कृष्णाकाठी एक वाडा होता. २०१९ च्या जानेवारीत तो पाडला. त्याआधीच्या दिवाळीत सगळे भाऊबंद शेवटचे एकत्र जमले आणि माजघराचा एक चांगला फोटो काढून ठेवायचे काम माझ्याकडे आले. माजघर ११ फूट रुंद आणि २० फूट लांब. वर कडीपाट, समोरच्या भिंतीत तीन कोनाडे, मध्ये काळा पडलेला सागवानी खांब, आणि डाव्या अंगाला, दाराजवळच्या पाटावर, आमची आत्या. तिचे सारे आयुष्य त्या माजघरात गेले होते. तिच्याशिवाय त्या खोलीच्या फोटोला अर्थ नव्हता.

मी एका स्नेह्याकडून १४ मि.मी.ची लेन्स मागून आणली होती. पुढचे काच डोळ्याच्या बुबुळासारखे बाहेर आलेले, पाहूनच माणूस भारावतो. दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि सगळे आले! तुळया आल्या, कोनाडे आले, जमिनीचा कोबा आला, माझ्या दोन्ही हातांकडच्या भिंती आल्या. आत्याही आली, अगदी डाव्या कडेला. मी खूश.

फोटो छापून तिला दाखवला. तिने तो दूर धरून न्याहाळला आणि विचारले, "हे कोण रे?" मी म्हटले, "आत्या, तूच की." ती म्हणाली, "अगो बाई! माझ्या डोक्याचा दुधीभोपळा कसा झाला?" सगळे हसले, मीही हसलो. पण तोवर वाड्याची कौले उतरली होती. पुन्हा काढायला माजघर राहिले नव्हते.

हा दोष भिंगाचा म्हणावा, तर तसे नाही. भूगोलाच्या तासाला आपण जगाचा नकाशा पाहिला आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना काहीतरी ताणावेच लागते. आपल्या भोवतालचे दृश्यही असेच गोलात पसरलेले असते. सरळ रेषा सरळच ठेवायच्या असे भिंगाने ठरवले, की कडेच्या गोल वस्तू लांबट होणारच. २० च्या भिंगात अगदी उजव्या-डाव्या कडेचा चेहरा आपल्या उंचीच्या मानाने सुमारे सव्वा-दीड पटीच्या मधोमध रुंदावतो. १४ च्या भिंगात दीड पटीच्याही पुढे जातो. कोपऱ्यात याहून अधिक. आता संगणकावर हे ताणणे कमी करता येते, चेहरे पुन्हा गोल होतात. पण मग तुळया वाकतात. तुळया सरळ हव्यात की आत्या, हे आपणच ठरवायचे. दोन्ही देणारे भिंग आजवर कुणी केलेले नाही आणि गणित बदलल्याखेरीज होणारही नाही.

दुसरी तडजोड उजेडाची. तिरपा येणारा प्रकाश सेन्सरवर पोहोचेपर्यंत क्षीण होतो, म्हणून कोपरे काळवंडतात. यावर बर्लिनच्या गोर्ट्झ कंपनीने १९०० च्या सुमारास एक मोठी मौजेची युक्ती काढली होती. त्यांच्या हायपरगॉन नावाच्या भिंगाचा कोन जवळजवळ १३५ अंशांचा. त्याच्या पुढे चांदणीच्या आकाराचे एक बारीक चक्र बसवलेले असे. रबरी फुगा दाबला की नळीतून वारा येई, चक्र गरगरा फिरे आणि मधला उजेड अडवी, म्हणजे कोपऱ्यांना तेवढा वेळ पोटभर उजेड मिळे. आज हे काम कॅमेऱ्यातला संगणक करतो, तो कोपरे उजळतो. पण नसलेला उजेड तो आणणार कुठून? कोपऱ्यांत रवाळपणा दिसू लागतो, अंधाऱ्या गाभाऱ्यात तर विशेषच.

जुन्या सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत आणखी एक अडचण होती. आत हलणारा आरसा असल्यामुळे भिंग सेन्सरच्या किंवा फिल्मच्या फार जवळ नेता येत नसे. निकॉनने १९५९ साली आपल्या एफ कॅमेऱ्याबरोबर २१ मि.मी.चे भिंग दिले, तेव्हा ते बसवण्यासाठी आरसा वर उचलून ठेवावा लागे आणि नेम धरायला वेगळा व्ह्यूफाइंडर डोक्यावर चढवावा लागे. पुढे उलट्या दुर्बिणीसारखी रचना रूढ झाली, तेव्हा आरसा मोकळा झाला. पण भिंगात काचा वाढल्या, वजन वाढले. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही, त्यामुळे भिंगे करणाऱ्यांना थोडा श्वास घ्यायला मिळाला आहे.

मग घ्यावे कोणते? दोन-तीन नमुने सांगतो. निकॉनची जुनी २० मि.मी., एफ २.८ ची डी मालिकेतली लेन्स २७० ग्रॅमची. पुढे ६२ मि.मी.चा साधा फिल्टर बसतो. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले, तर कोपरे मऊ पडतात. एफ ८ वर ठेवलेत, तर बहुतेकांची तक्रार राहणार नाही. त्याच कंपनीची मिररलेससाठीची २० मि.मी., एफ १.८ ची लेन्स २०२० साली आली. ती कडेपर्यंत कितीतरी अधिक रेखीव आहे, पण ५०५ ग्रॅमची आहे आणि तिला फिल्टर लागतो ७७ चा. कॅननची २०२१ सालची १६ मि.मी., एफ २.८ केवळ १६५ ग्रॅमची, खिशात मावेल अशी. मात्र तिच्या मूळ चित्रातल्या वाकलेल्या रेषा कॅमेरा स्वतः सरळ करतो, आणि त्या खेचाखेचीत कोपऱ्यांचा तपशील पातळ होतो. ज्याला गडावर चढून रात्री आकाशगंगा टिपायची आहे, त्याने एफ १.८ साठी पैसे आणि पाठ दोन्ही मोडावीत, कारण एफ २.८ पेक्षा तिथे सुमारे २.४ पट उजेड मिळतो. ज्याला दिवसा वाडे आणि लेणी पाहायची आहेत, त्याने कशाला ते ओझे वाहावे?

आपोआप फोकसविषयीही फार जीव टाकू नये. २० च्या भिंगाला एफ ८ लावा, फोकस पावणेदोन मीटरवर ठेवून द्या. साधारण ९० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. ती जुनी निकॉन लेन्स निकॉनच्याच अ‍ॅडॉप्टरने मिररलेसवर लावली, तर आपोआप फोकस होत नाही, म्हणून बाजारात ती सेकंडहँड मिळते. मी ती तशीच घेतली आणि आजतागायत त्या गोष्टीचे मला वाईट वाटलेले नाही.

लहान, म्हणजे एपीएस-सी, सेन्सरवाल्यांनी मात्र फसू नये. तुमच्या कॅमेऱ्यावर २० चे भिंग साधारण ३० सारखे वागते. तुम्हाला हा कोन हवा असेल, तर १३ च्या आसपास पाहावे लागेल.

आणि विकत घेण्यापूर्वी एक फुकटची परीक्षा करा. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलवर '०.५' असे बटण असते. तो कोन साधारण १३ ते १६ मिलिमीटरच्या भिंगाचा असतो. आठ दिवस केवळ त्यानेच फोटो काढा. जिथे तुम्ही पाय उचलून पुढे गेलात, खांबाला हात लागेल इतके जवळ गेलात आणि मागची सगळी ओळ आपसूक आली, तो फोटो बोलका असेल. आणि जिथे जागच्या जागी उभे राहून सगळे मावते म्हणून बटण दाबले, तिथे समोर रिकामी जमीन, वर रिकामे छत आणि मध्ये मुंगीएवढी माणसे आढळतील. कॅमेरा वर उचलून जमीन टाळावी, तर खांब पडल्यासारखे आत कलतात.

माझ्या माजघराचा हिशेब मी नंतर केला. ११ फुटांवरून २० च्या भिंगात समोरची २० फूट भिंत जवळजवळ नेमकी आली असती. आत्या मात्र चौकटीबाहेर राहिली असती. मग मी तिला म्हटले असते, "आत्या, उठ जरा, इथे खांबाशी येऊन बस." ती कुरकुरली असती आणि उठली असती. १४ च्या भिंगाने मला तेवढेही विचारायची गरज ठेवली नाही.

आत्या २०२१ साली गेली. तो फोटो माझ्याकडे आहे, १८ इंच रुंदीचा. भूमितीप्रमाणे १४ च्या भिंगाचा १८ इंची फोटो सात इंचांवरून पाहायचा असतो. एक डोळा मिटायचा, दुसरा फोटोच्या बरोबर मध्यासमोर आणायचा आणि मान न हलवता बुबुळ तेवढे डावीकडे फिरवायचे. मग कडेची आत्या पुन्हा बेताची होते, चेहरा तिचा होतो. माझ्या डोळ्यांना आता सात इंचांवरचे चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, म्हणून या कामासाठी मी वेगळा चष्मा करून घेतला आहे.